हिरव्या ठिपक्यापलीकडे

डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर वा ठाण्याच्या राममारुती रोडवर खरेदीस निघालेला श्रावक बिस्किटाचा पुडा हाती घेताच प्रथम हिरवा ठिपका शोधतो. ही सवय स्तुत्य होय. परंतु त्याच पिशवीत जाणाऱ्या रेशमी साडीवर असा कोणताच ठिपका नसतो.

पतंग कोश फोडून बाहेर पडला, तर धागा तुटतो. म्हणून अखंड धाग्यासाठी आतील जीवासह कोश वाफेत वा उकळत्या पाण्यात टाकतात. एका साडीमागे असे हजारो कोश लागतात. ज्या वस्त्राला आपण सोवळे मानतो, त्याचा हा ताळेबंद आहे. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यानंतरच्या कोशांपासून ‘अहिंसा रेशीम’ तयार केले. त्याची झळाळी किंचित कमी, किंमत अधिक. पण जीव वाचतो.

सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांस भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. साडीच्या दुकानात मात्र असा कायदा नाही. तेथे ग्राहकाचा प्रश्न हाच उपाय. कल्याणच्या एखाद्या दुकानदारास पाच गिऱ्हाइकांनी ‘अहिंसा रेशीम आहे का?’ असे विचारले, तर सहाव्यासाठी तो ते मागवून ठेवील. पर्युषणापूर्वीच्या खरेदीत हा प्रश्न अवश्य विचारावा.