मनी प्लांटला पाणी बेताचेच
बंगळुरू - मार्च २०२४ मधील टंचाईत बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने बागकामास पिण्याचे पाणी वापरण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड जाहीर केला होता. घरातील मनी प्लांटला मात्र अशा टंचाईची फारशी झळ बसत नाही. ही वेल तहानेपेक्षा अतिपाण्यानेच अधिक दगावते. मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात. कुंडीतील वरची दोन बोटे माती सुकल्यावरच पाणी द्यावे. तांदूळ धुतलेले पाणीही चालते. खिडकीजवळ, थेट ऊन न लागणारी जागा तिला मानवते. बाटलीतील वेलीचे पाणी मात्र दर आठवड्याला बदलावेच, कारण अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग घोषित केले होते. पाने चघळल्यास तोंडाची आग होते. लोंबत्या फांद्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.