लेथवर आटे पाडण्याचे जुळवते हत्यार

पनागर हे जबलपूर जिल्ह्यातील गाव जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. भोवतालचा प्रदेश शेतीचा. हिवाळ्यात हिरव्या वाटाण्याचे पीक येथे मोठ्या प्रमाणावर निघते. अशा गावातील दुरुस्तीच्या कारखान्यात एकच लेथ असला, तरी त्याच्यापुढे येणारे काम मात्र एका जातीचे नसते. पाण्याच्या पंपाचा नळजोड येतो, ट्रॅक्टरच्या धुऱ्याचा बोल्ट येतो, ओझे उचलणाऱ्या जॅकचे झिजलेले मळसूत्र येते. या तिन्हींवर आटे आहेत आणि तिन्हींचे आटे निरनिराळे आहेत. पंप बंद पडून पीक पाण्यावाचून उभे असताना शेतकऱ्याला शहरातून सुटा भाग येईपर्यंत थांबणे परवडत नाही. ते आटे तेथल्या तेथे पाडता येतात की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

हा निरनिराळेपणा कोठून आला, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ले याने १८००च्या सुमारास आटे पाडणारा लेथ व्यवहारोपयोगी रूपात सिद्ध केला. त्याच्याच कारखान्यात काही काळ काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचे पहिले प्रमाण सुचविले. त्यात आट्याच्या दोन बाजूंमधील कोन ५५ अंशांचा आणि माथा व तळ गोलसर होता. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन पुढे आणला. दुसऱ्या महायुद्धात या दोन पद्धतींचे भाग एकमेकांत बसेनात, तेव्हा १९४८ साली अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी ६० अंशांचा एकीकृत आटा स्वीकारला. पण मापे इंचांतच राहिली. भारताने १९५६च्या कायद्यानंतर, १९५८ पासून, दशमान मापे अंगीकारली आणि मिलिमीटरमधील ६० अंशांचा आटा रूढ झाला. तथापि पाण्याच्या नळांचे आटे अजूनही व्हिटवर्थच्या ५५ अंशांचेच आहेत आणि परदेशी आराखड्यांवरून बनलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत इंचांतील आटे सापडतात.

जबलपूर शहराने या गोंधळाचे एक मोठे रूप पाहिले आहे. तेथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली, इंग्रजी मापांच्या काळात, स्थापन झाला. १९६९ मध्ये सुरू झालेल्या वाहन कारखान्यात मात्र जर्मनीच्या मान कंपनीच्या आराखड्यावरील शक्तिमान मालट्रक तयार होऊ लागले आणि जर्मन आराखडा म्हणजे मिलिमीटरची मापे. मोठ्या कारखान्याला प्रत्येक आट्यासाठी वेगळे हत्यार ठेवता येते. पनागरच्या कारागिराला ते शक्य नाही; त्याला एकाच धारकात अनेक कामे बसवावी लागतात.

येथे शब्दांविषयी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. या भागातील कारागीर आट्यांना ‘चूडी’ म्हणतात, लेथला ‘खराद’ आणि तो चालविणाऱ्याला ‘खरादी’. मराठीत लाकूड कातणाऱ्या ‘कातारी’ या कारागिराचे नाव जुने आहे; ‘आटा’ हा शब्दही कोशात शोधावा लागत नाही. ‘मळसूत्र’ या शब्दात अवघी आकृती सामावली आहे, परंतु तो शब्द आट्यासाठी न वापरता आटे पाडलेल्या संपूर्ण दांड्यासाठी राखून ठेवणे सोयीचे. पुढील विवेचनात हाच संकेत पाळला आहे.

लेथवर आटे पाडताना कामाची वाटणी स्पष्ट असते. दोन शेजारच्या आट्यांमधील अंतर, म्हणजे कारखान्याच्या भाषेतील पिच, यंत्र ठरविते. कामाचा दांडा एक फेरा करतो तेवढ्या वेळात हत्यार किती पुढे सरकावे, हे दंतचक्रांच्या साखळीवर आणि लेथच्या मळसूत्री दांड्यावर अवलंबून असते. हा दांडा इंचांचा असला तरी १२७ दातांचे एक चक्र जोडून मिलिमीटरचे आटे बिनचूक पाडता येतात, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर होतात. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनविणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन केली, तेव्हा देशातील मापे इंचांचीच होती. त्या पिढीच्या लेथवर हे चक्र विशेष उपयोगी पडते. आट्याचा आकार मात्र सर्वस्वी हत्याराच्या अग्रावर अवलंबून असतो. अग्र जसे घासले असेल तसाच खोबणीचा छेद उमटतो. म्हणून जुळवणीची सर्व सोय हत्यारातच करावी लागते.

त्यापैकी कोनाची जुळवणी सर्वांत सोपी आहे. हायस्पीड पोलादाचे चौरस तुकडे आधीच घासून ठेवावेत: एक ५५ अंशांचा, एक ६०चा, एक समलंब आट्यासाठी ३०चा. मासळीच्या शेपटीसारखी खाच असलेल्या मापपट्टीवर ते तपासावेत आणि लागेल तो धारकात बसवावा. एवढे मात्र लक्षात ठेवावे की, अग्राची गोलाई पिचप्रमाणे बदलते. व्हिटवर्थच्या आट्यात तिची त्रिज्या पिचच्या ०.१३७ पट असते. तेव्हा बारीक आट्याचे हत्यार जाड आट्याला लावले, तर तळ नको तितका टोकदार निघतो आणि बोल्ट तेथेच तुटण्याचा संभव वाढतो.

खरा विचार करावा लागतो तो आट्याच्या चढामुळे. आटा दांड्याभोवती सरळ कड्यासारखा बसलेला नसून घाटातील रस्त्यासारखा चढत जातो. एका फेऱ्यात तो जितका पुढे जातो त्याला मध्यम परिघाने भागले, की चढकोनाची स्पर्शज्या मिळते. २० मिमी व्यासाच्या, २.५ मिमी पिचच्या साध्या बोल्टचा चढकोन सुमारे अडीच अंश येतो. २४ मिमी व्यासाच्या, ५ मिमी पिचच्या समलंब मळसूत्राचा तो ४.२ अंश येतो आणि त्याच मळसूत्रावर दुहेरी आटा असेल तर ८.४ अंश. हत्याराची बाजू सरळ खाली गेलेली असेल, तर चढत्या बाजूची भिंत तिला घासू लागते. हत्यार तापते, आटा ओरखडला जातो आणि कारागीर दोष पोलादाला देतो.

मग साध्या बोल्टसाठी कोणी हत्यार तिरपे करीत नाही, ते का? याचे उत्तर पुस्तकांत क्वचित दिलेले आढळते. वस्तुतः ते मनोरंजक आहे. हत्याराची पुढची बाजू कामाला घासू नये म्हणून ती खालच्या बाजूस मागे घासलेली असते. हा मोकळीक कोन १० अंश धरू. अग्र पाचरीच्या आकाराचे असल्यामुळे ते खाली जाताना जसजसे मागे सरते, तसतशा त्याच्या दोन्ही बाजूही आपोआप आत येतात. ६० अंशांच्या आट्यात ही बाजूची मोकळीक सुमारे ५.८ अंश भरते. त्यातून चढकोनाचे अडीच अंश वजा केले, तरी घासणाऱ्या बाजूला ३.३ अंश शिल्लक राहतात आणि तेवढे पुरतात. समलंब आट्याच्या बाजू अधिक उभ्या असतात, तेथे हीच मोकळीक केवळ २.७ अंशांची मिळते. चढ मात्र ४.२ अंशांचा. म्हणजे हत्यार घासणारच. आणि जॅकच्या चौकोनी आट्यात बाजू अगदी उभ्या असल्याने आपोआप मिळणारी मोकळीक शून्य असते. यावरून निष्कर्ष असा निघतो की, हत्यार तिरपे करण्याची सोय साध्या बोल्टांसाठी ठेवण्याचे कारण नाही. समलंब आणि चौकोनी आट्यांसाठी मात्र ती अवश्य हवी. चौकोनी आट्याच्या हत्याराला याशिवाय दोन्ही बाजूंना खालच्या अंगास थोडी मोकळीक घासावी लागते. तिरपे केल्याने आट्याचा कोन किंचित बदलतो हे खरे, पण ८.४ अंशांच्या तिरपेपणातही समलंब आट्याचा १५ अंशांचा अर्धकोन जेमतेम १५.१५ होतो. दुरुस्तीच्या कामात तेवढे चालते.

तिरपे करण्याची रचना अनेक प्रकारे करता येईल. माझ्या मते सर्वांत भरवशाची रचना म्हणजे २० मिमी व्यासाची गोल दांडी. तिच्या टोकाला चौरस खाच पाडून हत्याराचा तुकडा बसवावा आणि दांडी पोलादी ठोकळ्यातील भोकात फिरती ठेवावी. ठोकळ्याला एक उभी फट देऊन बोल्टने आवळले, की दांडी घट्ट धरली जाते. फट भोकाच्या वरच्या अंगास हवी. कर्तनाचा जोर हत्याराला खाली दाबतो. फट खाली असेल तर तोच जोर तिला उघडू पाहील, वर असेल तर दांडी अखंड पोलादावर टेकून राहील.

यात एक अट कसोशीने पाळावी लागते. कापणारे अग्र दांडीच्या अक्षावरच आले पाहिजे. समजा, ते एका बाजूला ५ मिमी सरकलेले आहे. दांडी ४ अंशांनी फिरविली की अग्र सुमारे ०.३५ मिमी वर किंवा खाली जाईल आणि लेथच्या मध्यरेषेशी जुळविलेली उंची बिघडेल. शिवाय कर्तनाचा जोर दांडीला पिळू पाहील आणि बोल्ट कितीही आवळला तरी ती हळूहळू फिरेल. अग्र अक्षावर असेल, तर फिरविण्याने उंची बदलत नाही आणि पीळही पडत नाही. खाच दांडीच्या मध्यावर न पाडता, तुकड्याचा वरचा पृष्ठभाग अक्षाच्या पातळीत येईल इतकी खाली पाडली, की ही अट पुरी होते. अंशांच्या खुणांबाबत फार हौस करू नये. २० मिमी दांडीच्या परिघावर एक अंश म्हणजे जेमतेम ०.१७ मिमी, ते डोळ्यांना वाचता येत नाही. ४० मिमी व्यासाचे कडे बसवून दोन-दोन अंशांवर रेघा मारल्या तरी पुरे.

उंचीची जुळवणी पुष्कळ ठिकाणी पत्र्याच्या पट्ट्या हत्याराखाली घालून करतात. कामचलाऊ म्हणून ते ठीक आहे. परंतु १० मिमी व्यासाच्या दांड्यावर अग्र अर्धा मिलिमीटर खाली राहिले, तर कर्तनाचा कोन साडेपाच अंशांहून अधिक बदलतो; म्हणून ठोकळा टूल पोस्टवर उभ्या सरकपट्टीने बसवून एका स्क्रूने वरखाली करावा.

आता शेवटची आणि सर्वांत वादाची सोय. आटा खांद्यापाशी संपतो तेथे हत्यार तत्क्षणी बाहेर काढावे लागते. मिनिटाला ६० फेरे आणि २.५ मिमी पिच असेल, तर हत्यार सेकंदाला २.५ मिमी पुढे जाते. खांद्यापाशी ५ मिमी रुंदीची खाच असेल तर हाताशी दोन सेकंद उरतात. थोडा उशीर झाला, तर हत्यार तुटते किंवा तासभराचे काम वाया जाते. म्हणून धारकाला बिजागरी देऊन हत्यार एका मुठीने वर उचलण्याची कल्पना निघाली. २० मिमीच्या बोल्टच्या तळातून सरळ वर जाताना अग्राला सुमारे ५.३ मिमी उठावे लागते, तेव्हा ते माथ्यापलीकडे सुटते. अग्राखालचे पोलाद मात्र शक्य तेवढे कापून टाकावे, कारण उचलताना तेच पुढे सरकते.

बिजागरीची खीळ कोणत्या उंचीवर बसवावी, हा प्रश्न नाजूक आहे. खीळ अग्राहून उंच असेल, तर हत्यार उचलताना अग्र आधी पुढे, म्हणजे कामात, शिरते. खीळ अग्राहून खाली असेल, तर उचलताना ते मागे सरते हे खरे, पण कापताना जोराने वाकले की तेच अग्र पुढे घुसून अधिक खोल कापते आणि हत्यार थरथरू लागते. वाकल्यावर अग्र मागे सरावे म्हणून जुने कारागीर हंसाच्या मानेसारखे वळवलेले हत्यार वापरीत. त्यात वाकण्याचा बिंदू अग्राच्या वर असे. उचलण्याची गरज आणि वाकण्याची गरज अशा परस्परविरुद्ध असल्यामुळे खीळ नेमकी अग्राच्या पातळीत ठेवणे हाच मार्ग उरतो. कर्तनाचा जोर खाली असल्याने तो हत्याराला टेकणीवर आपणच दाबून धरतो. ती टेकणी कडक केलेल्या पोलादाची असावी.

प्रत्येक नवी जुळवणी म्हणजे एक नवा सांधा आणि प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई आलीच. २० मिमी रुंद बिजागरीत ०.०२ मिमी ढिलाई असेल, तर तिच्यापासून ६० मिमी दूर असलेले अग्र ०.०६ मिमी आडवे हलते आणि आटे पाडताना हत्याराला त्याच खोबणीत पुन्हापुन्हा परतावे लागते. खीळ रुंद घ्यावी, भोक रीमरने साफ करावे आणि बिजागरीला आडवी खीळ घालून ती पूर्ण बंद करण्याची सोय ठेवावी. जाड समलंब आटे पाडताना ती बंदच ठेवणे इष्ट. नळाच्या आतील आटे पाडताना तर दुसरा उपायच नाही, कारण तेथे हत्यार वर उचलायला जागा नसते. ते आतल्या भिंतीपासून दांड्याच्या मध्याकडे ओढूनच सोडवावे लागते.