मृत्युपत्राच्या पलीकडे : उपचारांविषयीचा पूर्वनिर्देश

घर, बागायत, बँकेतील ठेव यांची व्यवस्था आपल्या पश्चात कशी व्हावी, याचा विचार गोमंतकातील माणूस पूर्वापार करीत आला आहे. अपत्यांसाठी कायद्याने राखून ठेवलेला अर्धा वाटा वगळता उर्वरित मालमत्ता मृत्युपत्राने इच्छेनुसार देता येते, हे येथे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु मृत्युपत्र माणसाच्या मृत्यूनंतरच बोलू लागते. माणूस जिवंत आहे, पण स्वतःची इच्छा सांगू शकत नाही, अशा काळात त्याचा काहीच उपयोग होत नाही.

पक्षाघाताने बेशुद्ध झालेल्या एखाद्या वृद्धास अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्र लावले जाते. सुधारणेची आशा उरली नाही, असे डॉक्टर सांगतात. आखातात नोकरीस असलेला मुलगा उपचार चालूच ठेवावेत असा आग्रह दूरध्वनीवरून धरतो. उशाशी बसलेल्या मुलीस वडिलांचे हाल पाहवत नाहीत. प्रेम दोघांचेही असते. वडिलांना काय हवे होते, हे मात्र कोणासच ठाऊक नसते. निर्णय कोणताही होवो, त्याचा सल कुटुंबात वर्षानुवर्षे राहतो.

हा पेच टाळण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजीच्या निकालाने खुला केला. सन्मानाने मरण येणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे घटनापीठाने मानले आणि उपचारांविषयीच्या पूर्वनिर्देशास मान्यता दिली. आरंभीची कार्यपद्धती किचकट होती. दस्तऐवजावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट काढून टाकण्यात आली. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तत्कालीन न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपला पूर्वनिर्देश नोंदविला. असे करणारे ते गोव्यातील पहिले नागरिक होत.

सज्ञान व सुदृढ मनाच्या कोणत्याही व्यक्तीस हा दस्तऐवज स्वखुशीने करता येतो. बरे होण्याची आशा नसल्यास कोणते उपचार नकोत, हे त्यात निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. मजकूर संदिग्ध असल्यास त्याची अंमलबजावणी होत नाही. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एक किंवा अधिक विश्वासू आप्तांची नावे त्यात नमूद करावीत. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून दस्तऐवज साक्षांकित करून घ्यावा. त्याच्या प्रती नमूद केलेल्या आप्तांकडे, कुटुंबाच्या डॉक्टरांकडे आणि पंचायत, नगरपालिका अथवा महानगरपालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्याव्यात. मन बदलल्यास हा निर्देश लेखी स्वरूपात केव्हाही रद्द करता येतो.

या कागदाचा गैरवापर होईल, अशी भीती अनेकांस वाटते. तिचे निराकरण कार्यपद्धतीतच आहे. रुग्ण शुद्धीत असून स्वतः निर्णय घेऊ शकत असेल, तोवर त्याचाच शब्द अंतिम असतो. तो तसे करू शकत नसेल, तर रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ त्याची तपासणी करते आणि त्यानंतर दुय्यम मंडळ स्वतंत्र मत देते. या दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो. नमूद केलेल्या आप्तांची संमतीही आवश्यक असते. प्राण घेण्यासाठी इंजेक्शन देणे हा आजही गुन्हाच आहे. यंत्र काढले तरी वेदनाशमन व शुश्रूषा थांबत नाही.

नेत्रदान, अवयवदान किंवा देहदानाची इच्छाही याच वेळी घरात स्पष्टपणे सांगून ठेवावी. मृत्यूनंतर काही तासांतच नेत्र काढावे लागतात, आणि अवयवदानाच्या प्रसंगी जवळच्या नातलगांची संमती घेतली जाते. इच्छा घरच्यांना माहीत नसेल, तर कपाटातील दानपत्र तसेच पडून राहते.

आपल्याकडे मरणाचा विषय घरात काढणे अशुभ मानतात. परंतु मुलाबाळांवर असह्य निर्णयाचे ओझे टाकून जाणे हे त्याहून अधिक क्लेशकारक आहे. चतुर्थीला सारे कुटुंब एकत्र जमते. घरातील वडीलधाऱ्यांनी अशा वेळी मुलांना जवळ बसवून आपली इच्छा सांगावी व पुढे ती कागदावर उतरवावी. मालमत्तेची वाटणी मुलांच्या हिताची असते, तशीच ही तजवीजही त्यांच्याच हिताची आहे.