शेतकरी पूर्वजांच्या शोधात : चर्चची नोंदवही, सातबारा आणि घरची आठवण

राजे, सरदार आणि विद्वान यांचे चरित्र लिहिणारे पुष्कळ असतात. शेतकऱ्याचे चरित्र मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. भल्या पहाटे रहाट धरणारा, चिखलात भाताची लावणी करणारा, केळीची लोंगरे आणि पानवेलीचे विडे बाजारात पाठवणारा माणूस आपल्यामागे पत्रे किंवा रोजनिश्या ठेवून गेला नाही. वसईच्या किनारपट्टीतील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे अशाच माणसांची लेकरे आहेत. मग त्यांचे जीवन कायमचे विस्मृतीत गेले असे समजायचे का?

आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. शेतकऱ्याने स्वतः काही लिहिले नसले तरी त्याच्याविषयी दोन ठिकाणी नियमितपणे लिहिले जात होते. ख्रिस्तसभेने त्याचा जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदवला. सरकारने त्याची जमीन, पीक आणि सारा नोंदवला. या दोन कागदांच्या जोडीला घरातील वडीलधाऱ्यांची आठवण ठेवली, तर एका सामान्य कष्टकरी कुटुंबाचा दीडशे वर्षांचा इतिहास उभा राहू शकतो. तो कसा उभा करावा, याची माहिती धर्मग्रामस्थांना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

आरंभ घरापासून

वंशावळीचा शोध नेहमी वर्तमानाकडून भूतकाळाकडे न्यावा. प्रथम स्वतःचे, मग आईवडिलांचे, मग आजी-आजोबांचे नाव, जन्मतारीख, विवाह आणि धर्मग्राम लिहून काढावे. अनेक जण उलट मार्गाने जातात. एखादे जुने नाव कोठेतरी वाचतात आणि ‘हाच आपला मूळपुरुष’ असे ठरवून खाली उतरू लागतात. असा शोध हमखास भरकटतो.

घरातील ज्येष्ठांना प्रश्न विचारताना ‘आपला इतिहास सांगा’ असे मोघम विचारू नये. शेताचे नाव काय होते, बावखल कोणाकोणाचे सामाईक होते, रहाटाला बैल घरचे होते की शेजाऱ्याचे, आजी कोणत्या गावाहून लग्न होऊन आली, तिचे धर्मपिता आणि धर्ममाता कोण, असे नेमके विचारावे. शेताच्या नावातून सातबाऱ्यापर्यंतची वाट सापडते, तर आजीच्या माहेरावरून दुसऱ्या धर्मग्रामाच्या नोंदवहीची. सांगितलेले सारे तारखेसह लिहून ठेवावे. ज्येष्ठ मंडळी आपल्यातून निघून गेली की हे दालन पुन्हा उघडत नाही.

धर्मग्रामाच्या नोंदवह्या

धर्मग्रामांनी नोंदवह्या ठेवण्याची परंपरा ट्रेंटच्या धर्मसभेपासून दृढ झाली. १५६३ साली या धर्मसभेने विवाह आणि बाप्तिस्मा यांच्या नोंदी ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. पुढे १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथाने दृढीकरण, मृत्यू आणि धर्मग्रामातील कुटुंबांची गणना यांच्या नोंदवह्यांचीही पद्धत घालून दिली. आजच्या म्हणजे १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ५३५ व्या नियमानुसार प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या असल्याच पाहिजेत आणि जुन्या नोंदवह्या काळजीपूर्वक जतन केल्या पाहिजेत.

बाप्तिस्म्याच्या एका नोंदीत बालकाचे नाव, आईवडील, धर्मपिता व धर्ममाता, जन्माचा व बाप्तिस्म्याचा दिवस आणि संस्कार देणाऱ्या धर्मगुरूंचे नाव असते. समासातील बारीक अक्षरांकडेही लक्ष द्यावे. दृढीकरण आणि विवाह यांची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या कडेला करण्याची पद्धत आहे. त्यामुळे एखादी मुलगी पुढे कोणत्या धर्मग्रामात विवाह करून गेली, हे कित्येकदा त्या एका ओळीवरून समजते. धर्मपिता व धर्ममाता हे बहुधा मामा, आत्या, काका किंवा निकटचे शेजारी असतात. एकाच घरातील सर्व भावंडांच्या धर्मपालकांची नावे एकत्र मांडली, तर त्या कुटुंबाचे नातेसंबंध डोळ्यांसमोर येतात.

नोंदवही कोणत्या अधिकारक्षेत्रात तयार झाली, हेही ध्यानात ठेवावे. १८८६ साली दमण धर्मप्रांताची स्थापना झाली आणि वसईची धर्मग्रामे त्यात समाविष्ट झाली. १९२८ साली हा परिसर मुंबई महाधर्मप्रांतात आला आणि १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. म्हणून धर्मग्रामाबाहेरील जुना पत्रव्यवहार शोधताना केवळ वसईत पाहून भागत नाही.

जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिन भाषेत आढळल्या तर घाबरून जाऊ नये. त्यांचा साचा ठरलेला असतो आणि वीस-पंचवीस शब्द कळले की पुष्कळसा अर्थ लागतो. पोर्तुगीजमध्ये ‘फिल्यो’ म्हणजे मुलगा, ‘फिल्या’ म्हणजे मुलगी, ‘पाद्रिन्यो’ आणि ‘माद्रिन्या’ म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, ‘व्हियुव्हा’ म्हणजे विधवा, तर ‘लाव्रादोर’ म्हणजे जमीन कसणारा. लॅटिनमध्ये शेतकऱ्याला ‘आग्रिकोला’ म्हणतात. या एका शब्दाने पूर्वजाचा व्यवसाय नक्की होतो.

नावांचे कोडे

नव्या अभ्यासकाची सर्वांत मोठी फसगत नावांमुळे होते. चर्चच्या वहीत ज्याचे नाव ‘जुझे’ किंवा ‘जोसेफुस’ असते तो इंग्रजी दाखल्यात ‘जोसेफ’ होतो. ‘पास्कोआल’ घरी ‘पास्कू’ असतो, ‘सेबास्तियांव’चा ‘बस्त्याव’ होतो, ‘इग्नासियो’चा ‘इनास’. ही सारी एकाच माणसाची नावे असू शकतात. महसुली कागदात तर अनेकदा आडनाव नसतेच. केवळ ‘इनास बस्त्याव’ असे स्वतःचे व वडिलांचे नाव लिहिलेले असते.

याउलट, आडनाव सारखे म्हणून नाते सिद्ध होत नाही. परेरा, डिसोजा, लोपीस, रॉड्रिग्ज ही आडनावे पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्म्याबरोबर आली आणि परस्परांशी रक्ताचा संबंध नसलेल्या अनेक घराण्यांना एकच आडनाव मिळाले. आडनाव पोर्तुगीज म्हणून पूर्वज पोर्तुगीज, हा समजही त्याच कारणाने चुकीचा आहे. व्यक्तीची ओळख नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, गाव आणि आळी या पाच खुणांवरून पटवावी. त्यांपैकी किमान तीन जुळल्याशिवाय वंशावळीत नाव घालू नये.

सरकारी दप्तर : जमीन काय सांगते

मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात सुरू झालेल्या जमीन मोजणीने प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर आणि साऱ्याचा आकार मिळत गेला. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत आणली आणि तिच्यातूनच आजचा सातबारा घडला. गाव नमुना सात जमिनीवरील हक्क दाखवतो, तर गाव नमुना बारा पिके. शेतकऱ्याच्या वंशजासाठी हा बारा नंबर फार मोलाचा आहे. आजोबांच्या काळी त्या तुकड्यात भात होते, केळी होती की भाजीपाला, हे तेथे वर्षवार लिहिलेले सापडते.

तथापि सातबारा हा केवळ आजचा चेहरा आहे. मागे जायचे तर त्यावरील फेरफार क्रमांक टिपून घ्यावेत आणि गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही मागावी. मालकीतील प्रत्येक बदल कोणत्या कारणाने झाला, वारसाने, खरेदीने, वाटपाने की गहाणाने, हे तेथे कळते. ‘वारस’ फेरफारात मृताचे नाव, मृत्यूचा काळ आणि वारसांची नावे मिळतात. ती चर्चच्या मृत्यू-नोंदवहीशी ताडून पाहता येतात. गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातील जुने जन्म-मृत्यू नोंदलेले असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आणि त्यामागील काही मराठी कागद मोडी लिपीत असतात. त्यासाठी मोडी वाचणाऱ्या जाणकारांची मदत घ्यावी.

क्षेत्र वाचताना मापे लक्षात असावीत. ४० गुंठ्यांचा एक एकर, १६ आण्यांचा एक गुंठा. नव्या कागदांत हेक्टर व आर येतात. एक गुंठा साधारणतः एका आरएवढाच असतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. त्यामुळे तालुक्यात न मिळालेल्या जुन्या कागदांची चौकशी ठाण्यातही करावी लागते. त्या काळच्या शेतीचे आणि समाजाचे एकंदर चित्र हवे असेल, तर १८८२ साली प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर अवश्य चाळावे.

आपले पूर्वज जमिनीचे मालक नसून कुळे होते, असेही कागदांवरून उघड होईल. त्यात कमीपणा नाही. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला मालकीचा मार्ग मोकळा केला. ज्या फेरफारात ‘३२ ग’ असा उल्लेख येतो, तेथे कुळाने द्यावयाची किंमत ठरवली गेली, आणि ‘३२ म’ म्हणजे त्याला मिळालेले खरेदीचे प्रमाणपत्र. कित्येक पिढ्या दुसऱ्याच्या शेतात घाम गाळलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ती एक ओळ म्हणजे त्यांचे निर्गमनच होय.

कागदांमधील मौन

कागद जे सांगतात त्याइतकेच जे सांगत नाहीत तेही वाचायला हवे. शेतात निम्म्याहून अधिक काम स्त्रियांनी केले. लावणी, निंदणी, कापणी, डोक्यावर पाटी घेऊन बाजार, सारे त्यांनी केले. पण सातबाऱ्यावर त्यांची नावे विरळाच दिसतात. भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती कुटुंबात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. १९२५ च्या कायद्यात ही तरतूद स्पष्ट आहे. असे असताना एखाद्या वारस फेरफारात केवळ मुलग्यांचीच नावे असतील आणि चर्चच्या वहीत त्याच घरातील तीन मुलींचे बाप्तिस्मे सापडत असतील, तर तेथे थांबून विचार करावा. हक्कसोडपत्र झाले होते का? की बहिणींना कोणी विचारलेच नाही? वंशावळीचा अभ्यास कधीकधी असा अस्वस्थ करणारा प्रश्न समोर ठेवतो. त्याला बगल देऊ नये. ज्या घरांत आजही बहिणीचे नाव वगळण्याचा विचार चालतो, त्यांनी तर मुळीच देऊ नये.

येशू ख्रिस्ताच्या वंशावळीचे स्मरण येथे उचित ठरेल. संत मत्तयाने पुरुषांच्या लांबलचक यादीत काही स्त्रियांचा आवर्जून उल्लेख केला आहे. त्यांतील रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात कापणीमागे पडलेली कणसे वेचत असे. तीच पुढे दावीद राजाची पणजी झाली. शेतात सरवा वेचणारी स्त्री तारणाच्या इतिहासात नावानिशी नोंदली गेली. आपल्या वंशावळीतही आज्या-पणज्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने आणि माहेरासह स्थान मिळावे.

मृत्यूच्या नोंदींतही असेच मौन असते. एखाद्या वर्षी पानेच्या पाने भरलेली दिसली तर वर्ष तपासावे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ पसरली. एकाच घरातील तीन माणसे एका महिन्यात गेलेली दिसली, तर त्यानंतरच्या फेरफारात ती जमीन गहाण का पडली, याचा उलगडा होऊ शकतो.

काही पथ्ये

धर्मग्रामाच्या नोंदवह्या सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तके नव्हेत. त्यांत जिवंत माणसांची खासगी माहिती असते, आणि काही जुन्या नोंदी आजही एखाद्या कुटुंबाला दुखवू शकतात. म्हणून प्रमुख धर्मगुरूंकडे लेखी विनंती करावी, कोणते नाव व अंदाजे कोणती वर्षे हवीत ते स्पष्ट लिहावे, सणासुदीचे दिवस टाळावेत आणि केवळ आपल्या घराण्यापुरतेच पाहावे. दुसऱ्याच्या घरातील गोष्ट बाहेर नेऊ नये.

जीर्ण पाने ओल्या बोटाने उलटू नयेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिच्या डिंकाने कागद आणखी बिघडतो. घरातील जुनी खरेदीखते, साऱ्याच्या पावत्या आणि विवाहाचे दाखले प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करून टाकू नयेत. स्वच्छ कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत आणि त्यांची छायाचित्रे काढून ती भावंडांत वाटावीत. एका पेटीत असलेला कागद एका पावसाळ्यात नाहीसा होऊ शकतो.

हे सारे कशासाठी?

आज वसईत शेते झपाट्याने इमारतींखाली जात आहेत, बावखले बुजत आहेत आणि नवी पिढी मुंबईत व परदेशांत स्थिरावत आहे. जमीन विकावी की राखावी, हा प्रत्येक घराने आपल्या परिस्थितीनुसार घ्यावयाचा निर्णय आहे. परंतु तो निर्णय घेताना आपण काय हातावेगळे करीत आहोत, हे ठाऊक असावे. अहाब राजाने त्याहून चांगला मळा किंवा त्याची किंमत देऊ केली तरी नाबोथाने आपला द्राक्षमळा दिला नाही, कारण त्याच्या लेखी तो वाडवडिलांचा वारसा होता. कोणत्या आजोबांनी कोणत्या वर्षी कोणते कर्ज फेडून तो तुकडा सोडवला, हे माहीत असलेल्या माणसाला आपल्या सातबाऱ्याकडे केवळ चौरस फुटांच्या हिशोबाने पाहता येत नाही.

येत्या नोव्हेंबरात आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावू, तेव्हा प्रत्येक कुटुंबाने आपल्या चार पिढ्यांची नावे, त्यांची गावे आणि त्यांची शेते एका वहीत लिहून काढावीत, अशी आमची विनंती आहे. एक प्रत घरी ठेवावी, एक भावंडांना द्यावी आणि धर्मगुरूंची अनुमती असल्यास एक धर्मग्रामाच्या दप्तरी ठेवावी. ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो त्यांना नावाने ओळखणे, हा त्यांच्या ऋणातून अंशतः उतराई होण्याचा साधा आणि सर्वांना शक्य असलेला मार्ग आहे.