मोळीविक्री
मोळीविक्री : वनातील वाळलेल्या लाकडाच्या मोळ्या बांधून त्या सरपण म्हणून विकण्याचा ग्रामीण जोडधंदा. नासिक जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा, इगतपुरी इ. तालुक्यांतील आदिवासी कुटुंबांना शेतीची कामे नसताना त्यातून थोडी रोख मिळकत होत आली आहे. कोयता व दोर हेच भांडवल. श्रम बहुधा स्त्रियांचे. ताज्या तोडलेल्या लाकडात सुमारे निम्मे वजन पाण्याचे असते. म्हणून वाळलेल्या लाकडास पसंती मिळते. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनातून विनापरवाना वनोत्पादन नेणे हा गुन्हा होय. वनहक्क अधिनियम, २००६ मुळे गौण वनोपज विकण्याचा हक्क पात्र वनवासींना मिळाला. त्यात काटक्याझुडपांचा समावेश आहे, इमारती लाकडाचा नाही. परिणामी मोळीतील लाकूड कोणते, यावरच विक्रेतीचा हक्क अवलंबून राहतो.