एकट्याचा समुद्र, सहा जणांचा मंगळ

दोस्तांनो, महाराष्ट्राचा नकाशा उघडा पाहू. पार उजवीकडे, छत्तीसगडला खेटून गोंदिया जिल्हा दिसेल. त्यातल्या सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर दरेकसा नावाचं छोटंसं स्टेशन आहे. भोवती जंगल, जवळच हाजरा फॉल धबधबा आणि डोंगरात कचारगडची प्रचंड गुहा. इथून मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर! मग दरेकसाच्या मुलांना समुद्राच्या गोष्टी कशाला सांगायच्या, असं कुणी म्हणेल.

पण गंमत बघा. भारतीय माणसाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास घेतला तो व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी, आणि निवृत्तीनंतर ते राहत होते सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णी गावात. तिथेही समुद्र नाहीच!

या कामासाठी पुढे आले नौदलातले कमांडर दिलीप दोंदे. आधी बोट हवी. ती बांधली गोव्यात, दिवार बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. नाव ठेवलं ‘म्हादेई’. लांबी ५६ फूट, म्हणजे एसटीच्या दीड गाड्या एकामागे एक लावल्यावर होईल एवढी. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबून १९ मे २०१० रोजी परतले. त्यातले १५७ दिवस भर समुद्रात, एकटे. स्वयंपाकी तेच, सुतार तेच, शिंपी तेच, कप्तानही तेच. झोपसुद्धा सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी. कारण वाऱ्याला रात्र-दिवस कळत नाही.

त्यांच्यानंतर याच बोटीतून अभिलाष टॉमी निघाले, १ नोव्हेंबर २०१२ रोजी. त्यांनी तर कुठेच थांबायचं नाही असं ठरवलं होतं. वाटेत पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं, तेव्हा पावसाचं पाणी धरून त्यांनी वेळ निभावली. सुमारे १५० दिवसांनी, मार्च २०१३ च्या अखेरीस ते मुंबईला पोचले.

आता याच काळात मॉस्कोमध्ये काय चाललं होतं ते पाहू. ३ जून २०१० रोजी सहा जण एका खोट्या अंतराळयानात शिरले आणि मागे दार बंद झालं. तीन रशियन, एक फ्रेंच, एक इटालियन, एक चिनी. प्रयोगाचं नाव ‘मार्स-५००’. यान जागचं तसूभरही हललं नाही. पण आतल्यांनी मंगळावर जाऊन यायचं, तेही ५२० दिवसांत! खिडक्या नाहीत, ऊन नाही, पाऊस नाही. जेवण मोजून-मापून. अर्ध्या वाटेवर वाळू पसरलेल्या खोलीत अंतराळपोशाख घालून ‘मंगळावर’ चालायचं. बाहेरच्यांशी बोलतानाही मुद्दाम उशीर ठेवलेला. खऱ्या मंगळापासून पृथ्वीपर्यंत संदेश यायला, दोन्ही ग्रह किती दूर आहेत त्याप्रमाणे, ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे ‘आई, कशी आहेस?’ विचारलं, तर ‘बरी आहे रे’ ऐकायला कधीकधी पाऊण तास!

४ नोव्हेंबर २०११ रोजी सगळे ठणठणीत बाहेर आले. मध्येच दार उघडून निघून जायची मुभा प्रत्येकाला होती. कुणी गेलं नाही. पण शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की बहुतेकांच्या हालचाली हळूहळू मंदावल्या. एकाचा दिवस तर २५ तासांचा होऊन बसला. बाकीचे जागे असताना हा गाढ झोपलेला.

असं का व्हावं? इथे कचारगडसारख्या गुहेची आठवण काढू या. १९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच तरुण आल्प्समधल्या एका अंधाऱ्या, बर्फाळ गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख होती २० ऑगस्ट! सूर्य दिसेनासा झाला की शरीरातलं घड्याळ आपल्याच चालीने चालू लागतं.

मला विचाराल तर दर्यावर्दी आणि खोटा अंतराळवीर यांच्यातला मोठा फरक इथेच आहे. दर्यावर्दी एकटा असतो, पण त्याच्या डोक्यावर आकाश असतं, सोबतीला अल्बट्रॉस पक्षी असतात, आणि लाटा त्याला कंटाळायला फुरसत देत नाहीत. यानातल्या सहा जणांना सोबत आहे, पण रोज तीच पाच तोंडं आणि तेच विनोद. (सुट्टीत दोन दिवस पाऊस लागला की घरात भावंडांची काय जुंपते, ते आई-बाबांना विचारा!)

दुसरा फरक मात्र जिवावरचा. मॉस्कोत दाराबाहेर डॉक्टर होते. समुद्रात दारच नसतं. २०१८ साली टॉमी पुन्हा एकटे निघाले होते, या वेळी एका शर्यतीत. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने बोट उलटवली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. उठणंसुद्धा अशक्य. पडल्या पडल्या त्यांनी यंत्रावरून मोजक्या शब्दांत संदेश पाठवले. नौदलाच्या विमानाने बोट हुडकली, आणि तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या मासेमारीवर पहारा ठेवणाऱ्या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना सोडवलं. हेच टॉमी पाठीचं ऑपरेशन होऊन पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले!

समुद्र आणि अंतराळ खरोखरच जवळ येतात अशी एक जागा आहे. दक्षिण पॅसिफिकमधला पॉइंट नेमो. तिथून सर्वांत जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटर दूर. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक मात्र अवघ्या ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं. म्हणजे ते डोक्यावर आलं, की जवळात जवळची माणसं आभाळात! जानेवारी २०२५ मध्ये नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी ‘तारिणी’ बोटीतून तिथून गेल्या. ही बोटही दिवार बेटावरचीच, म्हादेईची धाकटी बहीण.