डुगडुगणाऱ्या टॅबचा बंदोबस्त

2027 ची जनगणना कागदी अनुसूचीवर न होता पडद्यावर होणार, घरयादीचे काम एप्रिल ते सप्टेंबर 2026 या मुदतीत आणि शिरगणती 1 मार्च 2027 हा संदर्भदिन धरून होणार, हे वाचकांस विदितच आहे. परंतु ज्या साधनावर हे सारे दप्तर चढावयाचे, ते गडचिरोलीतील भामरागड-सिरोंचाकडील एखाद्या ओसरीवर स्थिर उभे तरी राहते काय, याची वास्तपुस्त कोणी केलेली दिसत नाही. प्रगणकांचे काम बहुधा मोबाइलवर भागेल. मात्र शाळेतील शिक्षक, ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक आणि तेंदूपानाचा किंवा बांबूचा हिशेब राखणारे ग्रामसभेचे तरुण, यांपैकी ज्यांनी टॅबला कीबोर्डचे कव्हर जोडले आहे, त्यांना पडद्यास बोट लागताच होणारी ती डुगडुग सांगावी लागणार नाही.

लॅपटॉपमध्ये बॅटरी आणि मदरबोर्ड ही जड अंगे कीबोर्डाखाली असतात. टॅबमध्ये तोच सर्व भार पडद्यामागे गेलेला असतो, आणि त्यास सावरणारा कीबोर्ड मात्र वजनाला हलका असतो. टॅब ज्यात उभा राहतो त्या एक सेंटीमीटर खोलीच्या खाचेत अवघी अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई असली, तरी वीस सेंटीमीटर उंचीवरील वरची कड पूर्ण एक सेंटीमीटर हलते. त्यात आमच्या प्रांताचे हवामान: चंद्रपूरच्या वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हा चिकटपट्टीचा थर मऊ पडून सरकतो, आणि गडचिरोलीच्या दीर्घ, दमट पावसाळ्यात कव्हराचे कृत्रिम चामडे पापुद्रे धरून सुटू लागते. वस्तू गुळगुळीत मेजासाठी घडवायची आणि शेणाने सारवलेल्या ओसरीवर वापरावयास द्यायची, यात वापरणाऱ्याचा अपराध तो काय?

दुरुस्तीपूर्वी दोषाचे स्थान मुक्रर करावे. कव्हर सपाट फरशीवर ठेवून तिरके समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबल्यास पलीकडचा कोपरा उचलला जाऊ लागला, तर तळाचा एक पाय आखूड आहे असे समजून त्यास रबराची चकती लावली की काम झाले. तळ स्थिर असूनही पडदा हलत असेल, तर ढिलाई खाचेत किंवा बिजागरीत आहे.

खाचेचा उपाय मला विशेष प्रिय आहे, कारण त्याचे साहित्य आमच्याच रानातले. फोटोकॉपीचा कागद सुमारे 0.1 मिलिमीटर जाड असतो. त्याच्या पट्ट्या टॅबच्या पाठीमागून खाचेत एकेक सारीत जावे, आणि हालचाल थांबली की थर मोजावे, म्हणजे हवी ती जाडी हाती येते. चंद्रपुरातील एका वयोवृद्ध बुरड कारागिरास मी असे पाच थर दाखविले. त्यांनी बांबूची कामटी चिरली, आतला मऊ गर सुरीने खरवडून टाकला, हिरवी पाठ तेवढी राखली, आणि दर दोन हातांनंतर ती पट्टी नखाखाली दाबून पाहत ती कागदांच्या जाडीस आणली. बांबूचे तंतू बाहेरच्या अंगास सर्वांत दाट असतात. म्हणून तीच बाजू झिजेला आणि दाबाला टिकते, हे ज्ञान या हातांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राने अशा पट्ट्या मापवार करवून घेऊन प्रत्येक पंचायतीस पुरविण्याची तजवीज करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पट्टीवर कापडाचा पातळ तुकडा चिकटवावा. तो काचेच्या बाजूस कधीही नसावा, आणि कीबोर्डशी जोडणाऱ्या धातूच्या ठिपक्यांवर तर मुळीच येऊ नये. झटपट चिकटणारा डिंक वर्ज्य समजावा. तो वाळून ठिसूळ होतो आणि त्याच्या वाफेने प्लास्टिकवर पांढरा डाग उमटतो.

बिजागरी सैल असेल आणि तिचे स्क्रू बाहेरून दिसत असतील, तर योग्य पेचकसाने पाव फेरा आवळून पाहावे, अधिक नाही, कारण त्याहून जोर केल्यास प्लास्टिकमधील आटे कायमचे जातात. तेल मात्र कदापि सोडू नये. दाराच्या बिजागरीचा धर्म फिरणे हा आहे, हिचा धरून ठेवणे हा. घर्षणावरच ती पडदा पेलते, आणि शिलाईयंत्राच्या तेलाचे दोन थेंब ते घर्षणच हिरावून घेतात. कोणी ते घातलेच असेल, तर टॅब काढून ठेवून, स्पिरिटात किंचित भिजविलेल्या कापडाने बिजागरी पुसून, रात्रभर उघडी वाळू द्यावी.